डार्विनच्या हिरवळीवरून मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ऑस्ट्रेलियातल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना

सप्रेम नमस्कार,

गणपतीच्या बैठका सुरू झाल्या असतील. हॉलचं बुकिंग, उकडीचे मोदक कुणाकडे, पुण्याहून येणाऱ्या गायकाचा व्हिसा, ढोल-ताशा किती वाजेपर्यंत चालेल म्हणून कौन्सिलला ईमेल. या धांदलीत एवढं लांब पत्र वाचायला सवड नसते, हे मला अनुभवाने माहीत आहे. मेलबर्नला असताना मी सहा वर्षं मंडळात पेटी वाजवली, दोन नाटकांत सासू झाले, एक वर्ष खजिनदारही होते (हिशेब जुळला होता). नऊ वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली म्हणून देशाच्या उत्तर टोकाला, डार्विनला आले. माझ्या ओळखीची मराठी घरं इथे बोटांवर मोजण्याइतकी. जमेल त्या वर्षी गणपतीला विमानाने तुमच्याकडे येते, वर्गणीही भरते, आणि इथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी लोकांशी आपण आपल्या कार्यक्रमांत कसं वागतो त्याबद्दल घरचं माणूस म्हणूनच हे लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका हॉलमध्ये मी गणेशोत्सवाला होते. मंडळाचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच मी आणखी ठिकाणी पाहिलं आहे. सूत्रसंचालक तरुण मुलगा, फेटा झकास बांधलेला. त्याने जाहीर केलं, "आता आपण वेलकम टू कंट्री करू या." खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि एका दमात वाचून टाकला: आपण गॅडिगल लोकांच्या भूमीवर जमलो आहोत, त्यांच्या ज्येष्ठांना वंदन, वगैरे. शेवटचं वाक्य पुरं होण्याआधीच मागून कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं, हॉलने "मोरया" म्हटलं, आणि कार्यक्रम सुरू झाला.

एका मिनिटात दोन चुका झाल्या होत्या. 'वेलकम टू कंट्री' म्हणण्याचा मान फक्त त्या भूमीच्या मूळ धन्यांचा. बाकीच्यांनी करायचं ते 'ॲक्नॉलेजमेंट'. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याने दारात उभं राहून आपल्यालाच "या, या, बसा" म्हणावं, तसं ते झालं. आणि गॅडिगल म्हणजे सिडनी बंदराकाठचे लोक. तो हॉल ज्या जमिनीवर उभा होता ती डारुग लोकांची. कागद दुसऱ्या कुठल्यातरी कार्यक्रमातून जसाच्या तसा उचललेला. गुरुजींनी मागच्या लग्नातल्या नवऱ्याचं गोत्र या लग्नात म्हणावं, आणि मांडवात कुणाच्या ते लक्षातही येऊ नये, असा प्रकार.

पॅरामॅटा हे नाव तिथली मंडळी दिवसातून दहा वेळा घेतात. ते डारुग भाषेतून आलं आहे. अर्थ साधारण असा की, वाम मासे जिथे असतात ती जागा. वाम म्हटल्यावर आपल्या कोकणातल्या माणसाचा चेहरा उजळायला हवा, पण हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि शेजारचं ब्लॅकटाउन? माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी तिकडे घरं घेतली. त्या नावाचा उगम कुणी विचारला आहे का? १८१४ साली गव्हर्नर मॅक्वारीने पॅरामॅटाला 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' नावाची शाळा काढायचं जाहीर केलं: ॲबोरिजिनल मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवून 'सुधारण्या'साठी. १८२३ मध्ये ती शाळा तिथून हलवली. नव्या जागेच्या आसपासच्या भागाला लोक 'ब्लॅक टाउन' म्हणू लागले, आणि तेच आज आपल्या वीजबिलावर छापून येतं.

पण मला खरी टोचणी लागली ती पुढच्या प्रकाराने. त्याच संध्याकाळी पत्रिकेत 'फ्यूजन' असा एक कार्यक्रम होता. एक ॲबोरिजिनल कलावंत डिजेरिडू घेऊन आला होता. आपली लेझीम लांबली, त्याची वेळ पुढे गेली. तो पाऊण तास स्वयंपाकघराच्या दाराशी, पुऱ्यांच्या कढईच्या धुरात, वाद्य भिंतीला टेकवून उभा होता. मग त्याला "सात मिनिटांत आटपा" सांगण्यात आलं. माइक लेझीमच्या मुलांच्या उंचीवरच राहिला होता. सूत्रसंचालकाने ओळख करून दिली ती "आपले आदिवासी मित्र" अशी. नाव नाही, गाव नाही, कुठल्या लोकांपैकी ते नाही. तो वाजवत असताना जेवणाची रांग लागली. त्याचं वाजवून झालं, टाळ्या पडल्या, आणि तो गाडी काढून निघून गेला. त्याला जेवणाचं कूपन द्यायचं राहूनच गेलं होतं.

हे मी सांगते आहे, पण त्या रांगेत मीही ताट घेऊन उभी होते. माझ्यापुढे चार माणसं होती आणि श्रीखंड संपत आलं होतं. मी हलले नाही.

म्हणून आता जरा डार्विनला या, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास इथे 'नॅशनल इंडिजिनस म्युझिक अवॉर्ड्स' हा सोहळा होतो. इथली मंडळी लाडाने 'निमाज' म्हणतात. २००४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी या आमच्या प्रांतापुरता सुरू झाला, पुढे सगळ्या देशाचा झाला. भरवते 'म्युझिक एनटी' नावाची, नफ्यासाठी न चालणारी संस्था. जागा म्हणजे बोटॅनिक गार्डनमधलं उघडं ॲम्फीथिएटर: वर आभाळ, समोर रंगमंच, आणि उतारावर हिरवळ. ऑगस्ट हा इथे कोरडा मोसम. पावसाचं नाव नाही, दिवसभर ऊन, आणि संध्याकाळी अंगावर पातळ शाल घ्यावीशी वाटेल इतपतच गारवा. त्याच दिवसांत डार्विन फेस्टिव्हल असतो, ॲबोरिजिनल चित्रांचा मोठा बाजार भरतो. दूरच्या वस्त्यांवरून माणसं छोट्या विमानांनी, धुळीने लाल झालेल्या गाड्यांनी शहरात येतात. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या रस्त्यांवर जसं दिसतं तसं काहीसं.

पुरस्कार सोहळा म्हटल्यावर डोळ्यांपुढे लाल गालिचा, सूट आणि रडणाऱ्या नट्या येतात. इथे लोक हिरवळीवर चटया, चादरी टाकून बसतात. पोरं उतारावरून गडगडत खाली जातात, पुन्हा वर चढतात. वर्षातला सर्वोत्तम कलावंत, गाणं, अल्बम, नवी गुणवत्ता हे पुरस्कार असतात, जगात सगळीकडे असतात तसे. मला सगळ्यांत आवडतो तो 'कम्युनिटी क्लिप'चा. दोन-चारशे वस्तीच्या गावातली शाळकरी मुलं आपल्या भाषेत, नाहीतर इंग्रजीत भेसळ करून, रॅप रचतात. विषय साधे: नदीत पोहणं, शाळेत येणं, आजीने शिकवलेलं, दारू नको. गावातल्या बास्केटबॉलच्या मैदानावर, लाल मातीत, भंगार गाडीच्या टपावर त्याचा व्हिडिओ काढतात. तो मोठ्या पडद्यावर लागतो आणि हिरवळीच्या एका कोपऱ्यातून एकदम आरोळी उठते. ते गाव तिथे बसलेलं असतं. कुणाचा भाचा, कुणाची नात. मुख्य पुरस्कारालाही तसा आवाज येत नाही.

पहिल्या वर्षी मी हे सगळं 'कार्यक्रम' म्हणून बघायला गेले होते. माझ्या चादरीशेजारी एक आजी बसल्या होत्या, डार्विनच्या पूर्वेकडच्या आर्नहेम लँडच्या. मांडीवर नातू झोपलेला, हातात थर्मासमधला चहा. एक बँड गायला लागला तशा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती आमच्या समोरच्या बेटाची भाषा. माझ्या बहिणीच्या सासरची." मग विचारलं, "तू कुठली?"

मी म्हटलं, इंडिया.

"ते दिसतंच आहे. कुठली?"

सांगली, म्हटलं. मग त्यांना नदी हवी होती. कुठली नदी, गोडी की खारी, मगरी आहेत का. कृष्णेत मगरी आहेत म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. भाषा कुठली? ती आईची की वडिलांची? दोघांची एकच, हे ऐकून त्यांना जरा कीव आल्यासारखी वाटली. इतक्या वर्षांत या देशात मला इतके नेमके प्रश्न कुणी विचारले नव्हते. आपण एकमेकांना विचारतो ते "पीआर झालं का?" आणि "कुठल्या सबर्बात?"

आईची भाषा की वडिलांची, या प्रश्नामागे काय आहे ते मला पुढे समजलं. आर्नहेम लँडच्या योलंगू लोकांत प्रत्येक माणूस, जमीन, मासा, वारा, गाणं धुवा किंवा यिरिचा या दोनांपैकी एका बाजूचं असतं. बाजू वडिलांकडून मिळते आणि लग्न दुसऱ्या बाजूशीच व्हावं लागतं. आपल्याकडे सगोत्र चालत नाही, तसंच. त्यामुळे आई कायम पलीकडची. आईच्या बाजूच्या जमिनीची, गाण्यांची राखण लेकराने करायची असा दंडक आहे. या नात्याला शब्द आहे 'योथू यिंडी', लेकरू आणि माय. याच नावाचा बँड १९९१ मध्ये 'ट्रीटी', म्हणजे तह, हे गाणं घेऊन आला. १९८८ साली नॉर्दर्न टेरिटरीतल्या बारुंगाला ॲबोरिजिनल नेत्यांनी पंतप्रधान बॉब हॉक यांना फळीवर लावलेलं, चित्रांनी वेढलेलं एक निवेदन दिलं होतं. हॉक यांनी ॲबोरिजिनल लोकांशी तह करू म्हणून शब्द दिला. तह झाला नाही. निवेदन संसदेच्या भिंतीवर गेलं आणि तहाचं गाणं नाइटक्लबात नाचायला लागलं. गाण्यात योलंगूंच्या गुमाच भाषेतल्या ओळी होत्या. त्याआधी ॲबोरिजिनल भाषेतलं काही देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत इतक्या वर चढलं नव्हतं. त्या बँडचे मंडावुय युनुपिंगू आधी गावच्या शाळेचे हेडमास्तर होते. १९९२ साली ते 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाले.

त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला वाळवंटातल्या पापुन्याच्या वारुंपी बँडने लुरिचा भाषेत रॉक गाणं काढलं. ॲबोरिजिनल भाषेतलं ते पहिलं रॉक रेकॉर्ड मानतात. विषय काय, तर तुरुंगातून सुटून घरी येणं. प्रेमाबिमाचं नाही. एका समाजाचं पहिलं रॉक गाणं तुरुंगावर असावं, यावर मी काही बोलत नाही. तुम्ही गाडी चालवताना ऐका आणि ठरवा.

गायक गुरुमुलचं नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. आर्नहेम लँडजवळच्या एल्को बेटावरचा, जन्मांध. डावखुरा असल्यामुळे उजव्या हातासाठी तारा लावलेली गिटार तशीच उलटी धरून वाजवायचा. आधी योथू यिंडीत होता, मग सॉल्टवॉटर बँडमध्ये. २००८ मध्ये स्वतःच्या नावाचा अल्बम आला, जवळजवळ सगळा आपल्या भाषांत, आणि जगभर ऐकला गेला. कुळ वडिलांकडून गुमाच, आईकडून गाल्पु. आजोळची गाणीही त्याच्या गळ्यात होती. २५ जुलै २०१७ ला तो डार्विनमध्ये गेला तेव्हा अवघा ४६ वर्षांचा होता. लहानपणी जडलेल्या यकृताच्या आजाराने मूत्रपिंडंही निकामी झाली होती. लॅबमध्ये माझ्या हाताखालून रोज क्रिएटिनिनचे, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारे, आकडे जातात. चाळिशीतल्या माणसाच्या नावापुढे ऐंशीतल्या म्हाताऱ्याचा आकडा दिसला की मी आता दचकत नाही, आणि हे चांगलं लक्षण नव्हे. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, त्याचा शेवटचा अल्बम आला. 'मनिकाय', म्हणजे कुळाची पिढीजात गाणी, आणि त्याभोवती व्हायोलिन-चेलोंचा वाद्यवृंद. देशाच्या विक्रीच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. ऑस्ट्रेलियातल्या मूळ भाषेतला अल्बम तिथवर पोहोचण्याची ही पहिलीच वेळ.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घ्यायचं नाही, फोटो दाखवायचा नाही, आवाज ऐकवायचा नाही, अशी अनेक ॲबोरिजिनल समाजांत रीत आहे. टीव्हीवर कार्यक्रमाआधी सूचना येते ती त्यासाठी. मी वर गुरुमुल असं बिनदिक्कत लिहिलं, ते त्याच्या घरच्यांनी तशी मोकळीक जाहीरपणे दिली म्हणून. मध्य ऑस्ट्रेलियात तर गेलेल्याचंच नाव दुसऱ्या कुणाचं असेल तर त्या जिवंत माणसालाही काही काळ 'कुमंजयी' म्हणतात. तुमच्यातल्या कुणी याला "अंधश्रद्धा" म्हणायच्या आत माझ्या आजीची आठवण सांगते. सासऱ्यांचं नाव तिच्या धाकट्या मुलाला ठेवलं, आणि ते उच्चारायचं कसं म्हणून त्याला आयुष्यभर 'बाळू' म्हटलं. बाळूकाका पंचाहत्तराव्या वर्षी गेले. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात लपवून घेणारी माणसं आपण. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

गायक आर्ची रोचबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहायला बसले की मला त्रास होतो. व्हिक्टोरियातला, फ्रॅमलिंगहॅमच्या मिशनवरचा. दोन-तीन वर्षांचा असताना सरकारी माणसांनी त्याला आईबापांकडून उचललं. विसाव्या शतकात साधारण १९१० ते १९७० या काळात अशी हजारो मुलं नेली गेली. त्यांना 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात. घरचे आगीत गेले असं त्याला सांगितलं होतं. मग शाळेत असताना, चौदा-पंधराव्या वर्षी, बहिणीचं पत्र आलं की आपली आई नुकतीच वारली. यावर त्याने गाणं केलं, १९९० मध्ये ते त्याच्या पहिल्या अल्बमात आलं. सरकारने माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ ला. गाणं अठरा वर्षं पुढे होतं. २०२२ च्या जुलैत तो गेला. त्याचंही नाव घ्यायला घरच्यांनी परवानगी दिली आहे.

असे सोहळे आपोआप टिकतात असं समजू नका. सिडनीला 'डेडली अवॉर्ड्स' होते. 'डेडली' म्हणजे ॲबोरिजिनल इंग्रजीत झकास, एक नंबर, आपली पोरं "काय खतरनाक गायला!" म्हणतात ना, अगदी त्याच अर्थाने. १९९५ मध्ये लहानशा जागेत सुरू झाले, वाढत वाढत ऑपेरा हाउसमध्ये गेले. २०१४ मध्ये केंद्र सरकारने पैसा थांबवला आणि २०१३ चा सोहळा शेवटचा ठरला. जवळपास वीस वर्षांचं उभं झाड, एका बजेटमध्ये गेलं. डार्विनचा सोहळा आहे म्हणून आहे. मी दर वर्षी तिकीट काढते त्याचं हेही एक कारण आहे. (पास मिळत असताना तिकीट काढणारी मी मराठी बाई, यावर माझ्या भावाचा विश्वास बसत नाही.)

"पण आमचा काय संबंध? आम्ही कुणाची जमीन घेतली नाही, मुलं पळवली नाहीत. आम्ही तर परवा आलो." हे मी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलं आहे, २०२३ च्या सार्वमताच्या वेळी तर फारच (ॲबोरिजिनल लोकांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी समिती घटनेत आणावी का, यावरचं ते सार्वमत). १४ ऑक्टोबरला साठेक टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. तुम्ही काय मत दिलंत ते मी विचारत नाही. एवढंच सांगते की, पुढच्या ऑगस्टला मी हिरवळीवर गेले ती जरा धास्तावूनच. सुतकी वातावरण असेल असं वाटलं होतं. पोरं नेहमीसारखी गडगडत होती. थर्मासवाल्या आजी भेटल्या. मी काहीतरी दिलगिरीचं पुटपुटले. त्या म्हणाल्या, "बस खाली, मागच्यांना दिसत नाहीये."

तर संबंध. १९७३ पर्यंत 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरणाचे शेवटचे अवशेष होते. त्या दारातून माझ्यासारखीला आत येता आलं नसतं. ते दार आतून ढकलणाऱ्यांत ॲबोरिजिनल चळवळीची माणसं होती. १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स हा ॲबोरिजिनल कार्यकर्ता विद्यार्थ्यांची बस घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावागावांतून फिरला, पोहण्याच्या तलावांवर ॲबोरिजिनल मुलांना मज्जाव होता तिथे जाऊन उभा राहिला. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांवर लोकांनी 'हो' म्हटलं, तेव्हा कुठे देशाच्या शिरगणतीत त्यांना धरायचं ठरलं. वर्णावरून माणूस तोलणं चुकीचं आहे हे या देशाच्या गळी कुणीतरी उतरवलं, त्याच्यानंतर आपण बॅगा घेऊन उतरलो. बाकी पॉइंट्स, आयईएलटीएस वगैरे आपलं कर्तृत्व आहेच, त्याला मी नाट लावत नाही.

आता मागणं काय ते सांगते. कठीण काही नाही.

कार्यक्रमाआधी तुमचा हॉल कुणाच्या भूमीवर आहे ते शोधा. मेलबर्नला शहराच्या एका बाजूला वुरुंजेरी, दुसऱ्या बाजूला बुनवुरुंग. नुसतं शहराचं नाव पाहून भागत नाही. नावाचा उच्चार आधी कुणाकडून तरी ऐकून घ्या. कागद वाचणाऱ्याने तो स्वतः लिहावा, मराठीत लिहिला तर उत्तमच. 'वंदन' या शब्दाला आपल्या भाषेत वजन आहे, ते वापरा.

कलावंताला बोलवायचं तर फोनवर "डिजेरिडूवाला कुणी मिळेल का" असं विचारू नका. डिजेरिडू हा शब्दही त्यांचा नव्हे बहुधा, आवाजावरून बाहेरच्यांनी पाडलेला. आर्नहेम लँडचे योलंगू त्याला यिडाकी म्हणतात. वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीच्या जातीचं झाड ठोकून, आवाज ऐकून निवडावं लागतं. सोबत 'बिल्मा' असतात, लाकडाच्या दोन काठ्या. आपल्या टिपऱ्यांच्या मानाने आखूड आणि आवाजाला खणखणीत. आणि ते मुळात उत्तरेचं वाद्य. सिडनीच्या माणसाने ते वाजवलंच पाहिजे असं नाही. कोकणातल्या माणसाला "तुमचं ते सोलापूरचं धनगरी ढोलवादन करा" म्हटल्यासारखं होतं. आज त्यांच्यात रॅपर आहेत, सोल गाणाऱ्या बायका आहेत, कंट्रीवाले आहेत. बेकर बॉय योलंगू भाषेत रॅप करतो, २०१९ चा 'यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' आहे. तुमची मुलं त्याला ओळखत असतील, त्यांना विचारा. ग्रूट आयलंडची एमिली वुरामारा इंग्रजी आणि अनिंडिल्याक्वा अशा दोन्ही भाषांत गाते. पुरस्कारांच्या नामांकनांची यादी दर वर्षी जाहीर होते. तुमच्या शहरातलं कोण त्यात आहे ते बघा आणि त्यांना बोलवा. पत्रिकेवर नाव छापा, त्यांच्या लोकांचं नाव छापा. मानधन आधी ठरवा आणि बाहेरून येणाऱ्या गायकाला देता त्या हिशेबाने द्या. उभं राहायला कढईपासून लांबची जागा. आणि जेवणाचं कूपन, जोडीने.

भेटवस्तूंचंही बघा. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आपण बूमरँग देतो. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने एका कंपनीला २३ लाख डॉलरचा दंड केला, कारण तिने विकलेल्या 'ॲबोरिजिनल' वस्तू इंडोनेशियात बनत होत्या. वारली चित्रांच्या छापील कुर्त्यांबद्दल आपल्यालाही हे विचारता येईल, पण तो विषय काढला तर पत्र संपायचं नाही.

मराठी शाळांच्या शिक्षकांनाही एक सांगायचं आहे. २०२१ च्या शिरगणतीत ॲबोरिजिनल आणि उत्तरेकडच्या टोरेस स्ट्रेट बेटांच्या भाषा घरी बोलणारे सुमारे ७७ हजार भरले, आणि भाषा १६७. गोरे आले तेव्हा अडीचशेच्या वर होत्या. एखादी भाषा आता मोजक्याच म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहे. शनिवारी सकाळी आपली मुलं "मराठी शिकून काय करू?" विचारतात तेव्हा आपण संस्कृती, मुळं वगैरे बोलतो, आणि ती कंटाळून खिडकीबाहेर बघतात. त्याऐवजी एकदा कम्युनिटी क्लिपपैकी एखादी लावा. त्यांच्याच वयाची पोरं, भंगार गाडीवर चढून, कुणाला न कळणाऱ्या भाषेत, बिनधास्त. मी माझ्या भाचीला दाखवली होती. तिने तीनदा बघितली, मग विचारलं, "मराठीत रॅप केला तर आई ओरडेल का?"

येणार असाल तर आधी कळवा. डार्विनला ऑगस्टमध्ये हॉटेलं अव्वाच्या सव्वा महाग होतात. माझ्याकडे चार माणसं झोपतील, गाद्या आहेत. सोहळ्याला उंच खुर्ची आणू नका, मागच्यांना दिसत नाही आणि मग आजी बोलतात. चादर आणा, डासांचं मलम आणा. आणि कुणी विचारलंच "कुठले?", तर नदी कुठली ते आठवून ठेवा.

आपली,
डार्विनची एक सभासद
(यंदाची वर्गणी भरली आहे, पावती अजून आलेली नाही)